दोन्ही अंगाला सारखं

मी परतूरजवळच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो. सव्वीस वर्षं झाली. कापसाने भरलेली गाडी काट्यावर येते, मी चिठ्ठी फाडतो. तीच गाडी रिकामी होऊन येते, मी दुसरी चिठ्ठी फाडतो. दोन्हींतला फरक म्हणजे माल. या कामाला डोकं लागत नाही आणि पायही लागत नाहीत, लागते ती फक्त बैठक. माझी बैठक पक्की झाली, पोट सुटलं, आणि गेल्या तीनेक वर्षांपासून सकाळी डोळे उघडले की दिवस संपल्यासारखाच वाटायला लागला. दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला काही झालेलं नाही, हालचाल करा.

हालचाल करा असं सांगितलं की आमच्याकडचे लोक सकाळी रेल्वे स्टेशनपर्यंत चालत जातात आणि तिथे चहा-भजी खाऊन परत येतात. मीही तेवढ्यावर भागवलं असतं. पण दोन गाड्यांच्या मधल्या वेळात केबिनमध्ये मोबाईल बघायचा नाद लागला होता, आणि त्यात मला ती माणसं दिसली. सायकलीला पिशव्या बांधायच्या, डांबरी रस्ता सोडायचा आणि डोंगरातून, माळरानातून महिना महिना हिंडायचं. तंबू सायकलीवर, चूल सायकलीवर, अंथरूणही सायकलीवर. ही माणसं वजनाला फार भितात. एक जण दात घासायच्या ब्रशचा दांडा अर्धा कापून टाकत होता. का, तर तेवढंच ओझं कमी. रोज दहा-दहा टन तोलणारा मी, मला हसू आलं. पण दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा पाहिलं, आणि तिसऱ्या दिवशीही.

शेवटी बावन्नाव्या वर्षी मी ठरवलं, आपणही अशी सायकल बनवून घ्यायची. परतूरहून निघायचं आणि पांदणीपांदणीनं, म्हणजे शेताशेतांमधल्या जुन्या गाडवाटांनी, गोदावरीच्या काठाकडे जायचं. बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, एवढंच म्हणाली. माझी माय उंबऱ्याशी लसूण सोलत बसली होती. तिचे दोन्ही गुडघे गेलेत, तिचं सगळं जग आता त्या उंबऱ्यावरून दिसतं तेवढंच. तिनं विचारलं, "कुणीकडनं जाशीन? अंबडच्या खालून का?" मी म्हणालो, वाट सापडेल तिकडून. ती पुन्हा लसूण सोलायला लागली. तिच्या प्रश्नात काही असेल असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

दुकानातली तयार सायकल का घेतली नाही, हे मला पुढे निदान शंभर जणांनी विचारलं. कारण आमची माती. काळ्या रानात पाण्याचा नुसता शिडकावा झाला तरी माती चाकाला धरते आणि चाक आणि ते धरणाऱ्या चिमट्याच्या मध्ये जाऊन बसते. मग चाक फिरत नाही, माणूस सायकल डोक्यावर घेऊन घरी येतो. मला दोन बोटं जाडीचा टायर हवा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पुन्हा एकेक बोट मोकळी जागा. शिवाय माझं वजन शहाण्णव किलो. शिवाय जे मोडेल ते वाटेतल्या कुठल्याही गावात जोडता आलं पाहिजे, म्हणजे सायकल लोखंडाचीच हवी. एवढं सगळं एका सायकलीत दुकानदाराकडे नव्हतं. तो मला पुन्हा पुन्हा टोपली लावलेली एक गुलाबी सायकल दाखवत राहिला.

म्हणून मी गावाबाहेरच्या मिस्तरीकडे गेलो. हा माणूस औतं बनवतो. वखर, तिफण, कोळपं, ट्रॉलीची दुरुस्ती. माप तो सुतात घेतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याखालचं जगात काही असतं हे त्याला मान्य नाही. मी वहीत मिलिमीटरमध्ये काढून नेलेलं चित्र त्यानं उलटं धरून पाहिलं, सरळ धरून पाहिलं, आणि म्हणाला, "काटेवाले भाऊ, समजलं. बिलकुल समजलं."

महिन्याभराने त्याने सांगाडा दाखवला. मी उचलायला गेलो आणि कमरेतून कळ आली. तिफणीला लावतात तो जाड पाईप त्यानं वापरला होता. मी विचारलं, हे काय केलं? तर तोच माझ्यावर नाराज झाला. शेतातून चालवायची म्हणाला ना तुम्ही, मंग शेतातलाच पाईप टाकला. जुनी चाकं लावून सायकल जिनिंगमध्ये नेली आणि गाठींच्या काट्यावर ठेवली. मोठ्या काट्यावर ठेवून उपयोग नव्हता, त्याचा आकडा दहा-दहा किलोनंच सरकतो. एकतीस किलो भरली. ब्रशचा दांडा कापणारा तो माणूस डोळ्यांपुढे आला. तरी हौस म्हणून बसलो आणि जिनिंगच्या आवाराला एक चक्कर मारली. जात्यावर बसल्यावर ओवी सुचते म्हणतात, मला त्या सायकलीवर बसल्यावर फक्त गुडघे आठवले.

दुसऱ्या खेपेला आम्ही जुनी काळी सायकल शोधायची ठरवली. तिचा पाईप हलका आणि चिवट असतो. पण आमच्या भागात जुनी सायकल धड सापडत नाही. सगळ्यांची कोळपी झालीत. पुढचं चाक, चिमटा आणि हँडल काढून घ्यायचं, त्याला खाली लोखंडी पास, म्हणजे आडवं पातं, जोडायची, की बैलांशिवाय एकट्या माणसाला तण काढता येतं. सायकल कोळपं म्हणतात त्याला, घरोघरी आहे. मिस्तरीनेच आजवर कित्येक सायकलींची अशी मुंडकी उडवली होती आणि मागची धडं शेडमागे एकावर एक रचून ठेवली होती. त्या ढिगातून आम्ही एक बरं धड निवडलं. गंज घासला, मागचे दांडे कापून जाड टायरापुरते फाकवले, पुन्हा जोडले. दीड महिना लागला, कारण रोज संध्याकाळी मी थकून जायचो आणि मिस्तरी चहा प्यायला गेलेला असायचा.

जाड टायरांची चाकं पुण्याहून मागवली होती. ती आली आणि मी शेडमध्ये ठेवली, आणि नेमका तेव्हा पावसानं उघाड दिली. उघाड पडली की कोळपणीची घाई सुटते. मी चार दिवसांनी गेलो तर पुढचं चाक जागेवर नव्हतं. मिस्तरी म्हणाला, "अरे, ते तुमचं होतं का? कोळप्याला लावून दिलं." माझ्यात भांडायचंही त्राण नव्हतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. सायकलीचं सुटं पुढचं चाक आषाढात त्याच्या शेडमध्ये आलं, तर ते कोळप्यासाठीच आलं असणार, दुसऱ्या कशासाठी येतं?

आम्ही दोघं त्या शेतकऱ्याच्या रानात गेलो. तो कपाशीत कोळपं ढकलत होता आणि माझं पुण्याचं चाक ओल्या मातीवरून इतकं अलगद चाललं होतं की क्षणभर मलाच वाटलं, राहू द्यावं. तो शेतकरी खूश होता. म्हणाला, असं कोळपं जन्मात हाती आलं नव्हतं, खांदे बिलकुल दुखत न्हाईत. मग त्याला आम्ही का आलोय ते कळलं. मिस्तरीनं पाना काढला. चाक निघेपर्यंत तो माणूस बांधावर बसून राहिला, एक शब्द बोलला नाही, आणि चाक निघाल्यावर त्यानं उरलेलं लोखंड खांद्यावर टाकलं आणि चालू लागला. चाक माझं होतं, मी पैसे मोजून आणलेलं होतं, तरीही मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दसऱ्याच्या आधी सायकल उभी राहिली. साडेएकोणीस किलो. मागे सात गिअर, रुंद हँडल, मिस्तरीने सळईचे वाकवून केलेले दोन्ही अंगांचे कॅरियर. बायकोनं तोंडानं नावं ठेवत ठेवत ताडपत्रीच्या चार पिशव्या शिवून दिल्या, आणि शिलाई अशी घातली की दुकानवाल्यानं मान खाली घालावी. मी अंगणात सायकल स्टँडवर लावली आणि मोबाईलवर पाहिलं होतं तसं सामान भरलं. स्टँड काढला तर सायकल डावीकडे कलंडली. पुन्हा भरलं, उजवीकडे कलंडली. तिसऱ्या वेळी मी सायकलीसकट तुळशीवर जाणार होतो.

माय उंबऱ्यावरून पाहत होती. काठी टेकत, भिंत धरत ती अंगणात आली. सहा महिन्यांत पहिल्यांदा ती उंबरा उतरली होती. म्हणाली, "काढ सगळं." मी काढलं. मग तिनं एकेक वस्तू हातात घेऊन उंच धरायची, पुन्हा खाली करायची, आणि डावीकडे नाहीतर उजवीकडे ठेवायची, असं सुरू केलं. जड ते खाली, मऊ ते वर, कडक ते सायकलीच्या अंगाला लागणार नाही असं. हसनाबादकडचा आमचा मेंढरांचा वाडा, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारा तांडा, दरसाल दिवाळीनंतर गोदावरीच्या काठाला उतरायचा, तेव्हा पुरुष मेंढरांबरोबर पुढे जायचे आणि सगळा संसार घोडीवर लादून बायका मागून यायच्या. हे मला माहीत होतं, पण ऐकून माहीत होतं. तिच्या हातांना ते अजून येतं, हे माहीत नव्हतं.

"दोन्ही अंगाला सारखं पाहिजे, बाबा," ती म्हणाली. "न्हाई तं घोडीची पाठ सोलून निघती."

मी स्टँड काढला. सायकल सरळ उभी राहिली. मी काटेवाला, सव्वीस वर्षं तोलून खाल्लेलं, आणि वजन कळतं ते हिला. मी तसं म्हणालोही. ती हसली नाही. न्हाणीकडे बघत उभी राहिली.

आमच्या न्हाणीशेजारी जात्याचा वरचा दगड पडलेला असतो. बायको त्यावर कपडे घासते. खालचा दगड नाही. लहानपणापासून मी ऐकत आलो की वाटेत घोडी बिचकली, खालचा दगड कुठेतरी पडला आणि माय अर्धंच जातं घेऊन मुक्कामावर आली. माझी आजी मरेपर्यंत त्यावरून मायला बोलत होती. अर्धं जातं आणणारी म्हणून तिची ओळख करून द्यायची. माय कधी उलटून बोलली नाही.

"तो खालचा दगड घोडीनं पाडला न्हाई," ती म्हणाली. "म्या काढून ठिवल्ता."

मी विचारलं, का?

"तुला घालायला."

मग तिनं भिंतीला टेकून, अधूनमधून थांबत, सांगितलं. मी दोन वर्षांचा होतो. मला ताप चढला होता, मान टाकली होती. वडील मेंढरं घेऊन दोन मुक्काम पुढे होते. तिच्या डोक्यावर ओझं, हातात घोडीचा दोर. कडेवर घेऊन चालली तर दहा पावलांवर बसायची. घोडीच्या एका अंगाला जात्याचा वरचा दगड होता, दुसऱ्या अंगाला खालचा. तिनं खालचा दगड सोडला, त्याच्या जागी झोळी बांधली आणि झोळीत मला घातलं. वरचा दगड तसाच ठेवावा लागला, नाहीतर दुसऱ्या अंगाला मला तोलून धरायला काही उरलं नसतं. "बराबर बसलास," ती म्हणाली. "घोडी तसूभर वाकडी झाली न्हाई." दगड तिनं एका बोरीच्या जाळीत पालथा घालून वर काटे टाकले, पुढच्या वर्षी न्यायचा म्हणून. पुढच्या वर्षी वाडा दुसऱ्या वाटेनं गेला. त्याच्या पुढच्या वर्षी मेंढरंच विकली.

मी विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? आजीला तरी सांगायचंस. ती म्हणाली, पोराला दगडाशी तोललं असं तोंडानं बोलू नये, त्याचं आयुष्य घटतं. मग माझ्याकडे खालून वर बघत म्हणाली, "आता सांगितलं. आता तूच म्हातारा झालास, तुझं काय घटायचंय."

आणि मग तिनं तिचं मागणं सांगितलं. तो दगड अजून तिथं आहे का बघ, काठाला टवका उडालेलाय. असला तर आण. मी मेल्यावर या अर्ध्याला कोण विचारतंय, कोणीतरी उकिरड्यावर टाकेल. मला एकदा जातं सबंध बघायचंय.

दुसऱ्या दिवशी मी न्हाणीजवळचा दगड जिनिंगमध्ये नेऊन तोलला. अकरा किलो चारशे. जगातली सायकलवाली माणसं ब्रशचे दांडे कापतात आणि मी अकरा किलोचा धोंडा आणायला निघणार होतो. बायको म्हणाली, मोटारसायकलवर जा आणि दुपारपर्यंत घेऊन या. पण जायचं कुठे? मायला गावाचं नाव माहीत नव्हतं. तिला फक्त पायांनी वाट माहीत होती.

कापूस सुरू व्हायच्या आत तीन दिवसांची सुट्टी मिळाली. पहिला दिवस काय सांगू? पांदणी कागदावर आहेत, जमिनीवर नाहीत. कोणी बांध सरकवून निम्मी पांदण पोटात घातलेली, कुठे बाभळी माजलेल्या. सराट्याच्या काट्यांनी चाकं अशी भरली की टायरला दाढी आल्यागत दिसत होतं. चार पंक्चर. एके ठिकाणी कॅनॉल आडवा आला, पूल कोसभर लांब. सामान सोडून सायकल पलीकडे न्यायची, परत येऊन सामान न्यायचं, पुन्हा बांधायचं. संध्याकाळी अंबडच्या अलीकडे एका देवळाच्या ओसरीवर पडलो आणि जेवायचंही राहून गेलं. मोबाईलवरची ती माणसं संध्याकाळी सूर्यास्ताकडे बघत कॉफी पितात. मला माझे बूटसुद्धा काढवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अंबडच्या खालून मायची वाट धरली. फोनवर ती विचारायची, मी सांगायचो. ऊन कोणत्या खांद्यावर आहे? डाव्या. मग बराबर हाय. डाव्या हाताला बुटकी टेकडी आहे का? आहे, पण अर्धी मुरमासाठी खोदून नेलीय. असू दे, पुढं हो. पन्नास वर्षांत रस्ते झाले, विहिरी झाल्या, उसाचे फड झाले, पण ओढे होते तिथंच होते, आणि तिची सगळी वाट ओढ्यांवरून होती. तरी दुपारी माझी ताकद संपली. वडीगोद्रीचा मोठा रस्ता तासाभरावर होता, टेम्पोत सायकल टाकावी आणि घरी जाऊन सांगावं की दगड नाही, असं मनात आलं. खोटं सांगणं सोपं होतं, तिला कधी कळलं नसतं. मी बाभळीखाली अर्धा तास बसून राहिलो आणि मग उठलो, ते काही निश्चय वगैरे करून नाही. तिनं पुन्हा फोन केला म्हणून उठलो.

दोन ओढे मिळतात तिथे मेंढरांना उभ्यानं पाणी पिता येईल असा पसरट खडक असेल, असं तिनं सांगितलं होतं. तो सापडला. बोरीची जाळी नव्हती. तिथे मोसंबीची बाग होती आणि बागेच्या कडेला आखाडा, म्हणजे शेतातलं घर. ओसरीवर पासष्टीच्या पुढची एक बाई मूग भरडत बसली होती. जात्यावर.

मी सायकल लिंबाला टेकवली आणि पाणी मागितलं. पाणी पिताना जात्याकडेच बघत होतो. वरचा दगड करडा, नव्या घडणीचा. खालचा काळाभोर, आणि त्याच्या काठाला दोन बोटं रुंद टवका उडालेला. मायनं सांगितलेला टवका. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं म्हणून मी सरळ विचारलं, हा खालचा दगड तुमच्याकडे कुठून आला?

बाईचा हात थांबला. "आमचाच हाय," ती म्हणाली. "पन्नास वर्सं झाली."

मग मी सगळं सांगितलं. घोडी, ताप, झोळी, बोरीची जाळी. ती ऐकत होती आणि एका हातानं खुंटा धरून होती. तिनंही मग सांगितलं. ती या घरात सून म्हणून आली त्याच वर्षी तिच्या सासूला बोरी तोडताना हा दगड सापडला. इतका चांगला दगड कोणी पालथा घालून, काटे टाकून ठेवतो म्हणजे तो परत न्यायला येणार, म्हणून सासूनं वर्षभर त्याला हात लावला नाही. कोणी आलं नाही, तेव्हा अंबडच्या पाथरवटाकडून वरचा दगड घडवून घेतला. बोलता बोलता तिनं जात्याच्या काठावरची डाळ हातानं सारायला सुरुवात केली. सगळी डाळ सुपात भरून झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "न्या मंग. लेकराच्या वजनाचा हाय म्हणता."

मला कपाशीच्या बांधावर बसलेला तो शेतकरी आठवला. माझं चाक मी काढून नेलं तेव्हाचं त्याचं ते न बोलणं आठवलं. दगड आमचा होता यात शंका नव्हती. सळईच्या कॅरियरवर दगडापुरती जागा ठेवली होती, पट्टे बरोबर आणले होते. मी मायला फोन लावला आणि आवाज मोठा करून सांगितलं, दगड सापडला, चालू जात्यात बसलाय.

माय म्हणाली, "फिरवा म्हणावं."

बाईनं मूठभर मूग घातले आणि जातं फिरवलं. मी फोन जात्याजवळ धरला. चार-पाच फेरे झाले. मला वाटलं फोन कटला. मग माय म्हणाली, "वरचा हलका हाय त्यांचा. डाळ व्हत असंल. पीठ व्हत नसंल."

बाई फोनकडे बघायला लागली. मग फोनलाच म्हणाली, "खरं हाय, बाई. पीठ कधीच झालं न्हाई ह्याचं. सासू म्हणायची, माझंच नशीब जाडंभरडं."

मायच्या मागे आमच्या गल्लीतल्या कुत्र्याचं भुंकणं ऐकू येत होतं. मग तिनं मला हाक मारली आणि म्हणाली, "राहू दे. तिथून हलवू नको. माझा वरचा तिला नेऊन दे."

मी विचारलं, आणि सबंध जातं बघायचं होतं ते? ती म्हणाली, सबंध तर तिथं होणार आहे, तू बघून ये. फोन ठेवल्यावर बाईनं मला बळंच जेवायला बसवलं. डाळ, भाकरी, ठेचा. दोन दिवसांत पहिल्यांदा मी पोटभर जेवलो आणि ओसरीवरच आडवा झालो.

घरी आलो तेव्हा पाय सुजले होते आणि जिनिंग सुरू झालं होतं. कापसाच्या गाड्या रात्रंदिवस. भरलेली, रिकामी, भरलेली, रिकामी. थकवा गेला का, असं डॉक्टरांनी विचारलं. नाही गेला. सायकलीनं माणूस नवा होतो असं त्या मोबाईलवाल्यांचं म्हणणं आहे, माझा तरी तसा अनुभव नाही. माय मात्र रोज विचारायची, कधी जातोस? वरच्या दगडावर तिनं बायकोला कपडे घासू देणं बंद केलं होतं. एका रविवारी तो तिनं नारळाच्या काथ्यानं स्वतः घासून काढला.

संक्रांतीनंतर कामाची गर्दी ओसरली तेव्हा सुट्टी मिळाली. सकाळी मी दगड पोत्यात गुंडाळला आणि डाव्या कॅरियरला पट्ट्यांनी आवळून बांधला. बायको म्हणाली, आता तरी टेम्पोनं पाठवा. मी उजव्या बाजूला काय बांधायचं याचा विचार करत होतो. पाण्याचे कॅन बांधावे, पण पाणी वाटेत पिऊन संपणार आणि तोल जाणार. स्टँड काढला आणि सायकल दगडाकडे झुकली, म्हणून मी उजवीकडून धरली.

माय उंबऱ्यात बसली होती. तिनं सायकलीकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दुसऱ्या अंगाला काय घालशीन?" ती म्हणाली. "लेकरू तं मोठं झालं."

सायकल दगडाच्या अंगाला ओढत होती आणि दुसऱ्या अंगानं मी तिला धरून उभा होतो.